डबा, पेला, तांब्या: मुलांना समोरची वस्तू काढायला शिकवताना

आमची ड्रॉइंगची पेटी घेतल्याबद्दल मनापासून थँक्यू! पेटीत चार लाकडी आकार आहेत, घन, इष्टिकाचिती, वृत्तचिती आणि शंकू, शिवाय एचबी, टूबी, फोरबी पेन्सिली, खोडरबर आणि कार्ट्रिज पेपर. घरी गेल्यावर बरेच पालक फोन करून विचारतात की आता हे मुलांना शिकवायचं कसं, म्हणून हे पत्रक.

आधी एक सांगायचंय. दोन चौकोन थोडे सरकवून एकावर एक काढायचे आणि कोपरे जोडले की झाला डबा, ही ट्रिक बहुतेक मुलांना येतच असते, यूट्यूबवर पण तीच दिसते, आणि मुलं ती भराभर काढतातही, पण टेबलावरचा खरा डबा जरा फिरवून ठेवला की तिथेच अडतात, कारण डबा त्यांनी बघितलेलाच नसतो, रेघा पाठ केलेल्या असतात. त्यामुळे वस्तू समोर ठेवल्याशिवाय हे शिकवूच नका असं आम्ही सगळ्यांना सांगतो.

कोणत्या वयात?
लहान मुलं जे दिसतं ते काढत नाहीत, जे माहीत असतं ते काढतात. फ्रीमन आणि जॅनिकून या संशोधकांनी १९७२ मधे हे छान दाखवलं होतं. त्यांनी मुलांसमोर कप असा ठेवला की कान मागे गेला, दिसेनासा झाला, तरी आठच्या आतल्या मुलांनी कान काढलाच, मोठ्या मुलांनी नाही काढला. म्हणून तुमचं पहिली दुसरीतलं मूल टेबलाचे चारही पाय चार दिशांना काढत असेल तर काढू दे, त्याला चूक म्हणू नका. आठ नऊ वर्षांपासून पुढचं सगळं हळूहळू सुरू करा.

मांडणी
वस्तू मुलाच्या डोळ्याच्या पातळीच्या खाली हवी, म्हणजे तिचा वरचा भाग दिसतो. मूल साधारण चार पाच फुटांवर बसवा, अगदी जवळ नको. उजेड एकाच बाजूने यावा, खिडकीचा किंवा टेबल लॅम्पचा, आणि वरची ट्यूब बंद, नाहीतर सावल्या दोन तीन दिशांना पडतात आणि मूल गोंधळतं.

पहिला डबा
घन असा ठेवा की त्याची एक उभी कड मुलाच्या बरोबर समोर येईल. तीच पहिली रेघ, एचबीने, फिकट. आता पेन्सिल आडवी धरायची, हात पूर्ण लांब करायचा, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिल वरच्या कोपऱ्याला लावून बघायचं की डावी कड किती वर चढतेय, उजवी किती. मुलांना इथे खरंच आश्चर्य वाटतं, कारण हाताला सपाट लागणारी कड डोळ्याला चढताना दिसते. तशीच ती काढायची. खालच्या कडा वरच्या कडांपेक्षा जास्त तिरप्या दिसतात, ही गोष्ट आपण सांगायची नाही, मुलाला मोजून शोधू द्यायची. उभ्या कडा मात्र उभ्याच. पट्टी देऊ नका, रेघ वाकडी आली तरी चालेल. डबा दोन तीन वेळा फिरवून पुन्हा काढून घ्या. लुप्त बिंदू वगैरे शब्द नंतर शाळेत कळतीलच.

पेला
इथे सगळ्यात जास्त वेळ द्या प्लीज. घरातला साधा काचेचा ग्लास घ्या, अर्धा पाण्याने भरा, मुलाच्या डोळ्यासमोर धरा आणि हळूहळू खाली न्या. डोळ्याच्या पातळीला ग्लासचं तोंड नुसती रेघ दिसतं, खाली नेत गेलं की उघडत जातं. आता पाण्याची कड बघायला सांगा, ती तोंडापेक्षा जास्त उघडी दिसते, आणि बूड त्याहूनही जास्त. एवढं एकदा बघितलं की ती नेहमीची चूक आपोआप जाते, म्हणजे तोंड छान लंबवर्तुळ आणि बूड एकदम सरळ रेघ, कारण मुलाच्या डोक्यात असतं की ग्लास सपाट टेबलावर उभा आहे.

दुसरी चूक लंबवर्तुळाच्या टोकांची. मुलं वरची कमान वेगळी, खालची वेगळी काढून जोडतात आणि कडेला माशाच्या तोंडासारखी टोकं येतात. त्याऐवजी पेन्सिल न उचलता, मनगट न टेकवता, एकाच जागी सात आठ फिकट फेरे मारायचे आणि त्यातला बरोबर वाटतो तो गडद करायचा.

मग तांब्या
आधी उभी मध्यरेषा. तिच्यावर उंचीच्या खुणा: तोंड, गळा, पोट, बूड. प्रत्येक खुणेवर एक लंबवर्तुळ, आणि मग कडेने बाहेरची रेघ. दोन्ही बाजू सारख्या आल्यात का बघायला अर्धा भाग बटर पेपरवर ट्रेस करून उलटा ठेवायचा, चूक लगेच कळते. एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांनी वस्तुचित्रासाठी ही सवय नक्की करावी, आणि मध्यरेषा लगेच खोडू नये.

छायाप्रकाश
सुरुवात आपल्या लाकडी वृत्तचितीवर करा, स्टीलवर नको, स्टीलमधे अख्खी खोली दिसते आणि मूल वैतागतं. आधी डोळे बारीक करून बघायचं, सगळ्यात उजळ कुठे, सगळ्यात गडद कुठे. गडद पट्टा अगदी कडेला नसतो, जरा आत असतो, कारण टेबलावरून परतलेला उजेड कड थोडी उजळवतो. हा बारीक उजळ भाग ठेवला की वस्तू गोल वाटायला लागते. टेबलावर पडलेली सावली वस्तूच्या बुडाला चिकटून सुरू होते आणि तिथे सगळ्यात गडद असते, फोरबी तिथे वापरा. बोटाने घासू देऊ नका, कागद मळतो आणि छटा सपाट होते.

एका बैठकीत एकच वस्तू, अर्धा पाऊण तास पुरे. कागद संपले की आमच्याकडे सुटेही मिळतात, आणि दुकानात येताना मुलाने काढलेली चित्रं आणलीत तर आम्ही शेजारी बसून, तीच वस्तू समोर ठेवून, कुठे अडतंय ते बघून सांगू, त्याचे वेगळे पैसे नाहीत.