सेवाशिबिरे, आंतरराष्ट्रीय (ग्रामीण विदर्भ)

सेवाशिबिरे, आंतरराष्ट्रीय : परदेशी विद्यार्थ्यांनी ठरावीक मुदतीसाठी खेड्यात राहून अंगमेहनत, आरोग्य, शिक्षण किंवा पाहणी यांपैकी एखादे काम करण्याची आणि त्यातून मदतकार्याचे स्वरूप समजून घेण्याची पद्धती. विदर्भातील तिची मुख्य ठाणी वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत आणि अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटात आहेत. बोलण्यात ‘शिबिर’ एवढाच शब्द चालतो. विद्यापीठीय लेखनात ‘सेवा-अध्ययन’ ही संज्ञा रूढ झाली आहे. दोन्ही समानार्थी धरल्या जातात, पण ते बरोबर नाही. शिबिरात काम आधी आणि शिकणे ओघाने येते. सेवा-अध्ययनात अभ्यासक्रम, श्रेयांक आणि टिपणवही आधी ठरते, काम त्यात बसवले जाते.

या पद्धतीच्या उगमाबद्दल तीन मते आढळतात. पहिले मत तिचे मूळ यूरोपात शोधते. स्विस अभियंता प्येर सेरेसोल यांनी १९२० मध्ये फ्रान्समधील व्हर्दनच्या रणभूमीजवळ एस्न या उद्ध्वस्त गावी नानादेशीय तरुणांचे पहिले शिबिर भरवले. त्यातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना उभी राहिली. सक्तीच्या सैनिकी सेवेला पर्याय म्हणून नागरी सेवा, ही त्यामागची कल्पना. गांधीजी १९३१ मध्ये स्वित्झर्लंडला गेले तेव्हा दोघांची गाठ पडली. पुढे जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल व त्यांचे काही सहकारी पुनर्बांधणीसाठी भारतात आले. दुसरे मत अमेरिकेकडे बोट दाखवते. ‘सेवा-अध्ययन’ या संज्ञेचा मूळ इंग्रजी प्रयोग रॉबर्ट सिग्मन आणि विल्यम रॅम्झी यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात केला असे सामान्यतः मानतात. वैचारिक वारसा मात्र त्याच्याही मागे, अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांच्या ‘कृतीतून शिक्षण’ या विचारापर्यंत नेला जातो. तिसरे मत वर्ध्याचे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम ही गांधीजींची शिक्षणपद्धती, म्हणजेच वर्धा योजना, आकाराला आली. म्हणून हस्तोद्योग, गाव आणि शाळा यांची सांगड घालणारी पद्धत विदर्भातच जन्मली, बाहेरून आलेली नव्हे, असा या मताचा आग्रह असतो.

तिसऱ्या मताचे आकर्षण समजण्यासारखे आहे, पण ते जसेच्या तसे स्वीकारणे कठीण. वर्धा योजनेचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाकिर हुसेन हे बर्लिनमध्ये शिकलेले आणि जर्मन शिक्षणतज्ज्ञ गेओर्ग केर्शेनश्टाइनर यांच्या ‘कामाची शाळा’ या कल्पनेने प्रभावित झालेले. योजना प्रत्यक्ष चालवणाऱ्यांत सिलोनमध्ये जन्मलेले ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व त्यांच्या पत्नी आशादेवी प्रमुख होत्या. १९४९ पासून सुमारे दशकभर वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात शिक्षक घडवणाऱ्या मार्जोरी साइक्स या ब्रिटिश क्वेकर, म्हणजे शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या होत्या. देशी आणि परदेशी अशी रेघ येथे ओढता येत नाही. ड्यूई यांच्यापासून सगळे उसने घेतले, हेही खरे नव्हे. मुलांच्या चरख्यातून, मागातून शाळेचा खर्च निघावा ही स्वावलंबनाची अट वर्धा योजनेच्या गाभ्याशी होती, आणि ती ड्यूई यांच्या मांडणीत नाही. शिवाय सेरेसोल यांचा स्वयंसेवक बाहेरून येतो आणि काम झाले की जातो. नयी तालीमचा विद्यार्थी त्याच गावचा असतो. म्हणून हे प्रवाह वेगवेगळे उगम पावले आणि स्वातंत्र्यानंतर विदर्भात एकमेकांना मिळाले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

या संगमाची पहिली ठळक खूण म्हणून डिसेंबर १९४९ मधील जागतिक शांततावादी परिषद दाखवता येते. ती शांतिनिकेतन व सेवाग्राम अशा दोन ठिकाणी भरली. सेवाग्राम हे नाव तेव्हा जुने नव्हते. गांधीजी १९३६ मध्ये तेथे राहायला आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यातील गजानन महाराजांच्या शेगावशी गल्लत होऊन टपाल तिकडे जाऊ लागले, त्यामुळे १९४० मध्ये नाव बदलले गेले.

शिबिराचा परिणाम मात्र सर्वांत स्पष्ट दिसला तो वरोऱ्याजवळ, आनंदवनात. बाबा आमटे यांनी कुष्ठरोग्यांसाठी वसवलेल्या या वसाहतीचे उद्‌घाटन विनोबांच्या हस्ते १९५१ मध्ये झाले. १९५० च्या दशकाच्या साधारण मध्याला सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे स्वयंसेवक तेथे येऊन राहिले. त्यांनी दवाखान्याच्या बांधकामात हात लावला, आणि लिखाणात त्या इमारतींचाच उल्लेख वारंवार येतो. खरे मोल दुसऱ्या गोष्टीचे होते. कुष्ठरोग्यांच्या हातचा भाजीपाला वरोऱ्याच्या बाजारात कोणी घेत नसे. ही परदेशी पोरे तीच भाजी खातात, त्याच पंगतीला बसतात, हे गावाने पाहिले आणि मग गिऱ्हाईक येऊ लागले, असे सांगितले जाते. विटा रचायला वरोऱ्यात गवंडी होते. जेवायला बसणारे नव्हते. मदतकार्य म्हणजे नेमके काय, हा प्रश्न घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रसंग अजूनही सांगतात, आणि तो सांगण्याजोगा आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मूल तालुक्यातील सोमनाथ येथे सुरू झालेली श्रमसंस्कार छावणी याच परंपरेतली. ती मे महिन्याच्या मध्याला भरते. चंद्रपूरचा पारा त्या दिवसांत ४५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे टिकास आणि घमेले उचलायचे ते पहाटेच.

पैशाच्या रूपातील परदेशी मदत वेगळ्या वाटेने आली. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ च्या अखेरीस सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्याला १९७० च्या दशकात स्विसएड या स्विस संस्थेने अर्थसाहाय्य केले. तेथे येणाऱ्या शिबिरार्थींची पहिली अडचण भाषेची असते. इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून माडिया या तेथील आदिवासी बोलीत असा दुहेरी अनुवाद होतो. ‘किती दिवसांपासून दुखते’ या साध्या प्रश्नाचे उत्तर तेवढ्या प्रवासात पुष्कळदा बदलून येते.

वैद्यकीय शिक्षणात हा विचार सेवाग्रामने संस्थात्मक केला. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, विद्यार्थी त्या गावात मुक्काम करतात आणि ठरवून दिलेल्या कुटुंबांशी पुढेही संबंध ठेवतात. राष्ट्रीय सेवा योजनाही त्याच वर्षी, गांधी शताब्दीच्या निमित्ताने, देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. उलट दिशेचा प्रवास अभय व राणी बंग यांचा. दोघे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था उभी केली. गावातल्याच बायांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग ३९ गावांत झाला. तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. परदेशातून आरोग्य शिकायला गडचिरोलीत येणाऱ्यांचे कुतूहल मुख्यतः याच प्रयोगाभोवती असते.

हंगामाचा मुद्दा संदर्भग्रंथांत सहसा येत नाही, पण तो महत्त्वाचा आहे. यूरोप-अमेरिकेतील विद्यापीठांची मोठी सुटी जून ते ऑगस्ट. विदर्भात ते दिवस पेरणीचे, रोवणीचे आणि निंदणाचे. पाहुण्याशी बोलायला घरात म्हातारे आणि लेकरे तेवढी उरतात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. मेळघाटात मात्र हेच महिने सर्वांत कठीण. धारणी व चिखलदरा या तालुक्यांतील कोरकू कुटुंबांत साठवणीचे धान्य संपलेले असते, आजार वाढतात आणि बालमृत्यूही पावसाळ्यातच वाढतात. ‘मैत्री’ या पुण्याच्या संस्थेची धडक मोहीम म्हणूनच पावसाळ्यात चालते. तिच्यात स्वयंसेवक आठवडा-दहा दिवसांच्या पाळीने पाड्यांवर राहतात.

या पद्धतीवरील टीकेत विचारवंत इव्हान इलिच यांचे नाव प्रथम येते. मेक्सिकोत कुएर्नाव्हाका येथे एप्रिल १९६८ मध्ये अमेरिकी विद्यार्थी-स्वयंसेवकांपुढे बोलताना, तुम्ही पाहायला या, डोंगर चढायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, अशा आशयाचे त्यांनी सुनावले. विदर्भात याला सर्वांत जवळचा प्रतिसाद धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने आपल्या परीने दिला आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही येथील घोषणा. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या या गोंड गावात निर्णय सर्वसहमतीने होतात, आणि बाहेरच्या अभ्यासकाला गावाच्या अभ्यासगटात बसावे लागते. विद्यार्थी कोण आणि शिक्षक कोण, हे तेथे आधीच ठरलेले असते.

कायद्याची बाजू अलीकडे गुंतागुंतीची झाली आहे. अल्पकालीन, विनामोबदला स्वयंसेवेसाठी पर्यटक व्हिसावर कमाल एक महिन्याची मुभा आहे. त्याहून दीर्घ कामाला वेगळा व्हिसा लागतो. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की यजमानाने चोवीस तासांत त्याची नोंद कळवायची असते. संस्थांच्या कार्यालयांत ती पूर्वीपासून ‘सी फॉर्म’ या नावाने ओळखली जात आली. निधीचे नियंत्रण परदेशी अंशदान अधिनियमाने होते. मूळ कायदा १९७६ चा, त्याच्या जागी २०१० चा आला. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली, एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देण्यावर बंदी घातली आणि असा निधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारण्याचे बंधन घातले. दुर्गम तालुक्यातील छोट्या संस्थांना, ज्यांचा हिशेबनीस बहुधा एकच आणि तोही अर्धवेळ असतो, या तरतुदी जड जातात.

पश्चिम विदर्भात शिबिरांपेक्षा पाहणी दौरे अधिक. जुलै २००६ मध्ये केंद्र सरकारने अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्या सुमारास कापूस-उत्पादक शेतकऱ्यांच्या आत्महत्या देशाबाहेरही चर्चेत आल्या आणि यवतमाळकडे अभ्यासकांचा ओघ वळला. हे दौरे दोन-चार दिवसांचे असतात. ज्या घरातला कर्ता माणूस गेला त्या घरातल्या बाईला पीक कोणते होते, कर्ज किती होते, सावकाराचे की बँकेचे, हे नव्या पाहुण्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते.