सिमकार्डाला बांधलेली ॲप्स: थोडी पार्श्वभूमी

टॅबवर व्हॉट्सॲप नाही, ही तक्रार २७ मे २०२५ रोजी, ॲपलच्या आयपॅड या टॅबसाठी व्हॉट्सॲप आलं तेव्हा, कागदोपत्री मिटली. आयपॅड पहिल्यांदा विकायला आला एप्रिल २०१० मध्ये, म्हणजे मधे पंधरा वर्षं गेली. २०२५ च्याच सप्टेंबरात इन्स्टाग्रामनेही आयपॅडसाठी वेगळं ॲप काढलं. आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, आयपॅडवर कॅल्क्युलेटर आला होता, तोही आयपॅड बनवणाऱ्या कंपनीचाच. तोवर दूधवाल्याचा हिशेब करायचा तर जाहिराती दाखवणारं कुणाचं तरी ॲप उतरवून घ्यावं लागे, तेही एवढ्या महागाच्या यंत्रावर.

उशीर का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: पडदा मोठा, मांडणी वेगळी, सगळं नव्याने रचावं लागतं. इन्स्टाग्रामच्या प्रमुखाने २०२२ मध्ये तर उघडच सांगितलं होतं की आयपॅडवाले इतके जास्त नाहीत की त्यांचं काम आधी घ्यावं. निदान खरं तरी बोलले. पण आपल्याकडे ज्या ॲपांवरून रोज डोकं फिरतं त्यांची गाठ पडद्याशी नाहीच, सिमकार्डाशी आहे.

सुरुवातीची वर्षं थोडक्यात. जुलै २००८ मध्ये आयफोनचं ॲप स्टोअर उघडलं तेव्हा त्यात पाचेकशे ॲप्स होती आणि सगळी एकाच मापाच्या पडद्यासाठी. आयपॅड आल्यावर तीच ॲप्स त्यावर चालत, पण मधोमध फोनएवढा तुकडा आणि भोवती काळं. कोपऱ्यातलं बटण दाबलं की तो तुकडा दुप्पट व्हायचा आणि अक्षरं धुरकट. अँड्रॉइडने फेब्रुवारी २०११ मध्ये फक्त टॅबसाठी वेगळी आवृत्ती काढून पाहिली आणि त्याच ऑक्टोबरात फोन-टॅब पुन्हा एका आवृत्तीत आणले. त्याच महिन्यात दिल्लीत ‘आकाश’ हा विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त टॅब गाजावाजा करून जाहीर झाला. त्यावरचं अँड्रॉइड फोनसाठी बनलेलं आणि अँड्रॉइडचं मूळ ॲप-दुकान त्यात नव्हतंच, दुसरंच एक बसवलेलं होतं. म्हणजे पोरांच्या हाती टॅब आणि जगात चर्चा असलेली ॲप्स भलतीकडे.

या सगळ्यात ‘उपलब्ध’ या शब्दाचा जो घोळ झाला तो अजून निस्तरलेला नाही. स्टोअरच्या यादीत ॲप दिसतं, त्याला उपलब्ध म्हणतात. ते यंत्रावर उतरतं, त्यालाही उपलब्धच म्हणतात. उतरून उघडलं पण खातं काढू देत नाही, तरी यादीतला शब्द तोच राहतो. फोनएवढ्या चौकटीत लटकलेलं ॲपही उपलब्ध, आणि संगणकावरच्या ब्राउझरमधलं निम्म्या सोयी गाळलेलं पानसुद्धा ‘सर्व उपकरणांवर उपलब्ध’च्या जाहिरातीत मोजलं जातं. माझ्या बँकेचं ॲप टॅबवर सुरळीत उतरतं. रंगीत पान उघडतं, भाषा विचारतं, मराठी निवडू देतं, नमस्कारही करतं. मग ‘या उपकरणात सिम आढळले नाही’ असं सांगून गप्प बसतं. ‘मदत केंद्रा’ला फोन केला तर तिथली ताई म्हणाली, “सर, ॲप टॅबसाठी उपलब्ध आहे, तुम्ही फोनवर वापरून बघा ना.” तिला हसायचं की रडायचं, मला कळेना.

आता मुख्य गाठ. व्हॉट्सॲप २००९ मध्ये आलं तेव्हा त्याची सगळी हुशारी एका गोष्टीत होती: नाव ठरवायला नको, पासवर्ड नको, ईमेल नको. मोबाइल नंबर हीच ओळख आणि फोनमधली नंबरांची यादी हीच मित्रमंडळी. ज्यांनी कधी सायबर कॅफेत बसून चॅटिंगसाठी आयडी काढला नव्हता, अशा काका-मावश्या याच सोयीमुळे आत आल्या. निरोप पोचला की सर्व्हरवरून पुसला जायचा, जुन्या गप्पा राहायच्या त्या फक्त फोनमध्ये. एक नंबर, एक फोन. हा नियम तेव्हा कुणाला खुपला नाही, कारण बहुतेकांकडे दुसरं यंत्रच नव्हतं.

खुपायला लागला तो स्वस्त टॅब घरोघरी आले तेव्हा. टॅबवर प्ले स्टोअर सांगायचं की तुमचं डिव्हाइस या आवृत्तीशी सुसंगत नाही. मग कुठून तरी फाइल मिळवून ॲप बसवायचं, नंबर टाकायचा आणि कोड फोनवर आला की टॅबवर भरायचा. जमायचं. पण त्याच क्षणी फोनवरचं खातं बंद पडायचं. मग फोनवर पुन्हा नोंदणी, की टॅबवरचं गेलं. आमच्या घरात एका दिवाळीत हा खो-खो दिवसभर चालला होता.

२१ जानेवारी २०१५ रोजी व्हॉट्सॲप वेब आलं. कचेऱ्यांमध्ये त्याचं फार स्वागत झालं, पण ते आधी एकाच ब्राउझरवर होतं आणि आयफोनवाल्यांना ऑगस्टपर्यंत थांबावं लागलं. शिवाय संगणक नुसता दाखवायचा, निरोप पाठवायचा तो फोनच. फोनची बॅटरी संपली की संगणकावर पिवळी पट्टी यायची: फोन कनेक्टेड नाही. एप्रिल २०१६ मध्ये सगळ्या निरोपांना टोकापासून टोकापर्यंत कुलूप लागलं (एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणालाही निरोप वाचता येत नाही) आणि तेव्हापासून ‘एक नंबर, एक फोन’ या नियमाचा बचाव या कुलपावरून होऊ लागला. किल्ली एका फोनमध्ये आहे, दुसऱ्या यंत्राला द्यायची तर सुरक्षितता जाते, वगैरे. टीका करणारे एका स्पर्धक ॲपकडे बोट दाखवत, जे २०१३ पासून फोन, टॅब, संगणक सगळीकडे एकाच खात्यावर चालत होतं. बचाव करणारे म्हणत, त्यातल्या साध्या गप्पा कंपनीच्या सर्व्हरवर पडून असतात, ते चालेल का? दोघांचंही खरं होतं. फक्त एक गोष्ट या वादात कुणी फारशी काढत नसे: कुलूप २०१६ चं आणि नियम २००९ चा. त्याआधी टॅबवाल्याला अडवलं ते कुलपासाठी नव्हतं.

आणि कुलपाची अडचणही सुटण्यासारखी होती. जुलै २०२१ मध्ये नव्या पद्धतीची चाचणी सुरू झाली. तीत प्रत्येक यंत्राला स्वतःची किल्ली मिळते आणि पाठवणाऱ्याचं ॲप तोच निरोप समोरच्याच्या प्रत्येक यंत्रासाठी वेगळा कुलूपबंद करून पाठवतं. फोनखेरीज चार यंत्रं जोडता येऊ लागली, फोन बंद असला तरी चालू लागलं. एप्रिल २०२३ मध्ये दुसरा फोनही जोडता आला. आयपॅडला मात्र मे २०२५ उजाडावा लागला. मधल्या त्या चार वर्षांना कुलपाचं कारण पुरत नाही आणि नंबरचंही पुरत नाही.

उलटी बाजूही होती. २०१७ मध्ये दीड हजार रुपये अनामत घेऊन मिळणारा बटणांचा फोन आला, त्यात सिम होतं, नंबर होता, इंटरनेट होतं. व्हॉट्सॲप त्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये आलं. सिम असून ॲप नाही आणि ॲप असून सिम नाही, दोन्ही प्रकारची माणसं एकाच गल्लीत.

यूपीआयची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे मी टॅबवाल्यांच्या बाजूने फार भांडणार नाही. २०१६ पासून तिथे नोंदणी करताना ॲप स्वतःच फोनमधल्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं, त्यावरून नंबर आणि यंत्र यांची जोडी नोंदवली जाते. चोराच्या हाती पिन लागला तरी त्याच्या यंत्रावर खातं उघडू नये, हा हेतू. पैशांचा मामला आहे, समजू शकतो. पण वायफायवर चालणारा टॅब तिथेच बाद होतो, आणि नुसतं डेटाचं सिम असलेला टॅबही एसएमएस जाईना म्हणून अडतो. हीच जोडी मग पैशांशी थेट संबंध नसलेल्या ॲपांनीही उचलली.

याच वाटेवरचं वादाचं पाऊल २८ नोव्हेंबर २०२५ चं. केंद्र सरकारच्या संबंधित खात्याने निरोपांच्या ॲपांना कळवलं की ज्या सिमवर खातं काढलं ते सिम फोनमध्ये सतत असलंच पाहिजे, नसेल तर ॲप चालता कामा नये. मुदत दिली ९० दिवसांची. संगणकावरचं वेब पान जास्तीत जास्त सहा तासांनी आपोआप बंद व्हावं आणि फोनला क्यूआर कोड दाखवून पुन्हा जोडावं, असंही त्यात होतं. कारण दिलं ते खोटं नाही: भारतीय नंबरवर खातं काढायचं, सिम फेकून द्यायचं आणि परदेशात बसून इथल्या लोकांना गंडवायचं, हा धंदा जोरात आहे. डिजिटल अरेस्टच्या, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून फोनवरूनच ‘अटक’ केल्याच्या, नावाखाली निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी गेलेली आहे. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं, की ठकांना नवं सिम मिळायला वेळ लागत नाही, भरडले जाणार ते साधे वापरणारे. परदेशी गेलेला मुलगा तिथलं सिम घालतो आणि इथल्या नंबरचं व्हॉट्सॲप चालू ठेवतो, त्याने काय करायचं?

मला आपल्या नाक्यावरचं झेरॉक्सचं दुकान आठवतं. भिंतीवर कागद चिकटवलेला असतो, त्यावर मोठ्या आकड्यांत नंबर आणि खाली ‘प्रिंटसाठी यावर पाठवा’. आधार, सातबारा, परीक्षेचं हॉल तिकीट, सगळं त्या एका नंबरवर येतं आणि संगणकावर दिवसभर उघड्या असलेल्या वेब पानातून थेट छापलं जातं. आदेशाप्रमाणे बघायचं तर सकाळी नऊला जोडलेलं पान दुपारी तीनच्या आत मिटणार. त्या वेळी काउंटरवर बहुधा पोरगा असतो. मालक जेवायला घरी गेलेला, आणि त्या नंबरचा फोन मालकाच्या खिशात.