तापास म्हणजे ठरावीक पदार्थ नव्हेत
तापासच्या, म्हणजे स्पॅनिश छोट्या बशांच्या, बुफेत पाएया हा स्पॅनिश भात दिसला की कुणीतरी हमखास नाक मुरडतं, 'हे काही अस्सल तापास नव्हे.' तापास म्हणजे ठरावीक पदार्थ, हा समज काही जाता जात नाही. खरं तर स्पेनमध्ये तापा (तापासचं एकवचन) हे वाढण्याचं माप. तोच बटाटा-अंड्याचा तोर्तिया छोट्या बशीत आला तर तापा, मोठ्या प्लेटमध्ये आला तर रासिओन. ग्रानादात ड्रिंकबरोबर ही बशी फुकट येते, बार्सिलोनात बहुधा पैसे मोजावे लागतात. सान सेबास्तियानच्या बारमध्ये तर पिंचोस, म्हणजे तिथले छोटे घास, काउंटरवर मांडलेलेच असतात: ऑलिव्ह, अँचोव्ही आणि लोणच्यातली हिरवी मिरची एका काडीला टोचलेला गिल्दा, शेजारी पावाच्या तुकड्यांवर रचलेलं काहीबाही. तेव्हा बुफेत मांडून ठेवण्याला नावं ठेवू नयेत. गरम पिंचोस मात्र तिथेही सहसा मागवल्यावरच किचनमधून येतात. बुफेच्या झाकणाखाली घाम फुटून मऊ पडलेल्या क्रोकेत्सबद्दल (कुरकुरीत तळलेल्या वळकट्यांबद्दल) कुरकुर करायची, तर खुशाल करा.