लोमीलोमी

लोमीलोमी : हवाई बेटांवरील मूळ रहिवाशांची अंग रगडण्याची पारंपरिक उपचारपद्धती. सामोआ, ताहिती, न्यूझीलंड अशा पॉलिनेशियातील इतर बेटांवरही तिच्या जवळच्या पद्धती आढळतात. आज पर्यटकांच्या हॉटेलांत ती सुगंधी तेलाचा मसाज म्हणून विकली जाते. पण मुळात हे घरातले ज्ञान होते, आणि आजीआजोबांकडून नातवंडांकडे ते हाताला हात लावूनच जात असे.

तळहात, अंगठे, कोपर आणि कोपराखालचा हात यांचा उपयोग करून स्नायू दाबतात, मळतात, लांबवर रगडत नेतात. पाठ फार आखडली असेल तर पाठीवर पाय देऊन तुडवण्याचीही रीत होती, आणि हे काम वजनाने हलक्या मुलांकडे येई. एकट्या माणसासाठी लाकडी आकडा असे. वाकड्या फांदीपासून तो बनवत. त्याचे टोक खांद्यावरून मागे नेऊन दुखऱ्या जागी टेकवायचे आणि पुढचा दांडा खाली ओढायचा. हात पोचत नाही तिथे नेमका दाब बसतो. तापवलेले दगड पानांत गुंडाळून शेकण्यासाठी वापरत. पोटाच्या मालिशीला विशेष महत्त्व होते. गरोदर बाई आणि तान्हे मूल यांचीही मालिश होई, त्यामुळे सुईणींना ही कला अवगत असे.

तेल नारळाचे किंवा कुकुईचे. कुकुई म्हणजे रानअक्रोड. हवाईने त्याला १९५९ साली राज्यवृक्ष ठरवले. जोडीला वनौषधी येतात. त्यांतली नोनी ही आपल्याकडे बारतोंडी म्हणून ओळखली जाते, आणि हळदही हवाईयन पूर्वजांनी होड्यांतून बेटांवर नेली होती.

केवळ हाताच्या कौशल्याला मात्र लोमीलोमी म्हणत नाहीत. उपचाराआधी ‘पुले’ म्हणजे प्रार्थना होते. माणसात ‘मना’ नावाची जीवनशक्ती असते आणि मनातला राग, घरातला तंटा यांनी तिच्या वाहण्यात अडथळा येतो, अशी श्रद्धा आहे. म्हणून कित्येकदा आधी ‘होओपोनोपोनो’ करावे लागे : कुटुंब एकत्र बसते, वडीलधारी व्यक्ती बोलणे चालवते, ज्याने दुखावले तो कबूल करतो आणि ज्याला दुखावले तो क्षमा करतो. भांडण तसेच ठेवून नुसती पाठ रगडण्यात जुन्या उपचारकांना अर्थ वाटत नसे. या समजुतीमुळेच लोमीलोमीला सर्वांगीण उपचार म्हणणे योग्य ठरते. आखडलेले स्नायू आणि थकवा यांवर मालिशीने आराम पडतो हे खरे. गंभीर आजारात ती वैद्यकीय उपचारांची जागा घेऊ शकत नाही.

युरोपीय लोकांना या प्रदेशातील मालिशीचा परिचय अठराव्या शतकात झाला. १७७७ साली ताहितीत ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक याला कमरेपासून पायापर्यंत संधिवाताच्या कळा येत होत्या. तेथील राजाची आई, बहिणी आणि इतर बायका त्याच्या जहाजावर आल्या आणि त्याला मध्ये निजवून दोन्ही हातांनी इतके दाबू लागल्या की हाडे कडकडली. थोड्याच वेळात त्याने पुरे म्हटले, पण दुखणे कमी झालेले पाहून पुन्हा उपचार करून घेतला.

१८२० मध्ये अमेरिकन मिशनरी हवाईत आले. स्थानिक वैद्य-पुरोहितांच्या, म्हणजे ‘कहुनां’च्या, विद्येकडे संशयाने पाहिले जाऊ लागले आणि पुढे कायद्यानेही तिच्यावर बंधने आली. लोमीलोमी टिकली ती कुटुंबांत, बहुतांशी ख्रिस्ती प्रार्थनेची जोड घेऊन. हवाईतील ‘दक्षिण कोना’ नावाच्या भागातील मार्गारेट माचाडो (१९१६–२००९) यांनी आपल्या आजोबांकडून ही विद्या घेतली आणि १९७०च्या दशकापासून समुद्रकाठच्या आपल्या घरी बाहेरच्यांनाही ती शिकवली. लोमीलोमी हे प्रार्थनेचे काम आहे, असे त्या सांगत. ही विद्या परक्यांना द्यावी का, यावर हवाईयन लोकांत मतभेद होते. तरी ती जगभर पोचली याचे मोठे श्रेय माचाडो यांचेच. आज ‘टेंपल स्टाइल’ म्हणून प्रसिद्ध असलेली, नृत्यासारख्या पदन्यासाची शैली मात्र कौआई बेटावरील अब्राहम कावाई यांच्याकडून आली. तिला प्राचीन म्हणावे का, हा वादाचा विषय आहे.

परवान्याचा प्रश्न बराच काळ सलत राहिला. पिढीजात उपचारकाला आपल्याच बेटावर मसाज व्यवसायाची सरकारी परीक्षा द्यावी लागे, आणि त्या परीक्षेत प्रार्थनेला किंवा घराण्याच्या शिकवणीला स्थान नव्हते. १९९८ च्या कायद्याने आणि २००१ मधील सुधारणेने पारंपरिक उपचारकांना वेगळी वाट मिळाली. त्यांना मान्यता देण्याचे काम आता ‘पापा ओला लोकाही’ या आरोग्यसंस्थेशी जोडलेल्या ‘कुपुना’, म्हणजे ज्येष्ठांच्या, मंडळांकडे आहे.