उभ्या गाडीचे वय

आमचे एक स्नेही निवृत्तीनंतर अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मुलीकडे राहतात आणि तिथला बर्फाळ हिवाळा चुकवण्यासाठी नोव्हेंबर ते मार्च हे महिने अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, युमा शहराजवळ, आपल्या मोटरहोममध्ये काढतात. अशा पाहुण्यांना तिकडे ‘स्नोबर्ड’ म्हणतात. उन्हाळा जवळ आला की हे पक्षी उत्तरेला परततात आणि त्यांची चाकांवरची घरे मोकळ्या आवारांत सहा-सहा महिने उन्हात उभी राहतात. मागच्या खेपेला स्नेही परत आले तेव्हा बॅटरी मेलेली होती आणि चार्जर लावूनही ती उठली नाही. टायरांच्या बाजूंना बारीक चिरा पडल्या होत्या आणि छपरावरच्या झरोक्याभोवतीचे सीलंट नखाने खरवडताच भुग्यासारखे सुटत होते. त्यांनी मला फोनवर विचारले, ‘‘गाडी एक मैलसुद्धा चालली नाही हो, मग झिजली कशी?’’

या प्रश्नामागे एक सार्वत्रिक गैरसमज आहे. यंत्र वापरल्याने झिजते हे आपल्याला ठाऊक असते, परंतु रबर, प्लास्टिक, गोंद आणि बॅटरी यांचे म्हातारपण मुख्यतः रासायनिक असते आणि रासायनिक क्रियेला गाडी चालते की उभी आहे याच्याशी कर्तव्य नसते. तिचे घड्याळ तापमानावर चालते.

प्रथम हे तापमान किती असते ते पाहू. अ‍ॅरिझोनातील फिनिक्स शहरात २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३.३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त होते. हे झाले सावलीतल्या हवेचे मोजमाप. त्या शहराला लागूनच असलेल्या टेम्पी शहरात उन्हात उभ्या केलेल्या मोटारींवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अवघ्या तासाभरात आतील हवा सरासरी ४७ अंशांवर आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेल्याचे दिसले. खिडकी बोटभर उघडी ठेवून त्यात फारसा फरक पडत नाही. बंद गाडी तापण्याला आपण सर्रास ‘हरितगृह परिणाम’ म्हणतो, म्हणजे काच आतल्या उष्णतेचे अवरक्त किरण बाहेर जाऊ देत नाही असे मानतो, पण १९०९ मध्ये रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने एका पेटीवर काच आणि दुसरीवर अवरक्त किरणांना आरपार जाऊ देणाऱ्या सैंधवाची पातळ चकती बसवून पाहिले, तेव्हा दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. तापलेली हवा वर निघून जाऊ शकत नाही, हेच बंद पेटीचे मुख्य दुखणे आहे. पृथ्वीच्या वातावरणातील हरितगृह परिणाम मात्र खरोखरच अवरक्त किरणांचा आहे. तिथे नाव चुकीचे पडले, विज्ञान चुकलेले नाही.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. तापमान दहा अंशांनी वाढले की बऱ्याच रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा नियम शाळेत ऐकलेला असतो. तो किती विलक्षण आहे हे तिथे सहसा सांगत नाहीत. २५ अंशांवरून ३५ अंशांवर जाणे म्हणजे निरपेक्ष मापनश्रेणीवर २९८ केल्विनवरून ३०८ केल्विनवर जाणे. ही वाढ जेमतेम साडेतीन टक्के आहे. रेणूंची सरासरी ऊर्जा साडेतीन टक्क्यांनी वाढते आणि क्रियेचा वेग शंभर टक्क्यांनी, हे कसे?

याचे उत्तर स्वांते आऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दिले. क्रिया घडण्यासाठी रेणूंना ऊर्जेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो आणि सरासरी रेणू त्या उंबरठ्याच्या आसपासही नसतो. उंबरठा प्रतिमोल ५० किलोज्यूल धरला, तर २५ अंशांवर तो साधारण साठ कोटींतल्या एकालाच ओलांडता येतो. ३५ अंशांवर हेच प्रमाण तीस कोटींत एक होते. म्हणजे बहुसंख्य रेणूंच्या आयुष्यात काहीच बदललेले नसते, पण क्रिया ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या मूठभरांची संख्या दुप्पट झालेली असते. गणिताच्या भाषेत, वेग हा उंबरठ्याची ऊर्जा भागिले वायू-स्थिरांक व तापमान यांचा गुणाकार, या राशीच्या ऋण घातांकी फलाप्रमाणे बदलतो. २५ अंशांवर ही राशी सुमारे २०.२ भरते, ३५ अंशांवर १९.५, आणि घातांकातील एवढ्याशा फरकाने उत्तर जवळजवळ दुप्पट होते.

यातून निघणारी एक गोष्ट गाडीच्या मालकाला फार महाग पडते. समजा, गाडीचा एखादा भाग बारा तास ६० अंशांवर आणि बारा तास ३० अंशांवर असतो. सरासरी ४५ अंश झाली. पण २० अंशांवरचा वेग एक मानला, तर ३० अंशांवर तो दोन आणि ६० अंशांवर सोळा होतो, आणि या दोहोंची सरासरी नऊ येते. अखंड ४५ अंशांवर तो साडेपाचच्या थोडा वर असता. म्हणून रासायनिक क्रियेच्या दृष्टीने त्या दिवसाचे तापमान ४५ नसून जवळजवळ ५२ अंश असते, कारण दुपारचे तास रात्रीच्या तासांपेक्षा आठपट मोजले जातात. असे १२० दिवस म्हणजे २० अंशांवरची सुमारे तीन वर्षे. हा हिशेब ढोबळ आहे आणि प्रत्येक पदार्थाचा उंबरठा वेगळा असतो, तरी स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे: गाडी सहा महिने उभी होती, पण तिच्या काही भागांची त्या काळात कित्येक वर्षे सरली होती.

बॅटरीचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. पाण्याची, म्हणजे शिसे-आम्लाची बॅटरी नुसती ठेवली तरी साधारण तापमानाला महिन्याला पाचेक टक्के उतरते. ४५ अंशांवर हे प्रमाण चौपट होते. त्यातच गॅसगळती सांगणारे उपकरण सतत सुमारे ५० मिलिअँपिअर प्रवाह ओढत असेल, तर १०० अँपिअर-तासांची बॅटरी तेवढ्यानेच तीन महिन्यांत संपते. उतरलेल्या बॅटरीत प्लेटांवर जमलेल्या लेड सल्फेटचे बारीक कण हळूहळू मोठ्या कठीण स्फटिकांत बदलतात आणि मग ते चार्जरला दाद देत नाहीत. म्हणून अशी बॅटरी पूर्ण चार्ज करून, ऋण टोकाची तार सोडवून ठेवावी. लिथियमच्या बॅटरीला नियम उलटा: पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी उन्हाळ्यात लवकर म्हातारी होते, तिला निम्म्यावर ठेवलेले बरे.

आता बादलीविषयी. लाकडी कपाटे तडकू नयेत म्हणून उन्हाळ्यात गाडीत पाण्याची बादली भरून ठेवावी, असा सल्ला मोटरहोमवाल्यांमध्ये मंत्रासारखा फिरतो आणि स्नेह्यांनीही तो पाळला होता. हिशेब करून पाहू. गाडीतील हवा ४० घनमीटर धरली, तर ४५ अंशांवर सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांनी वर नेण्यासाठी त्या हवेत अर्धा लिटर पाणी वाफ होऊन मिसळावे लागते. हे थोडे वाटते, पण गाडी हवाबंद नसते. फटींतून दर दोन तासांनी हवा बदलते असे मानले, तर दिवसाला सहा लिटर पाणी लागेल. फूटभर व्यासाच्या बादलीतून दिवसाला एक सेंटिमीटर थर उडाला तरी ते पाऊण लिटरच्या आत राहते, म्हणजे आर्द्रतेत फरक पडतो दोन-अडीच टक्क्यांचा, आणि दोन-तीन आठवड्यांत बादली कोरडी होते. मग उरलेले चार-पाच महिने कपाटे कशी टिकतात, हे बादलीच्या भक्तांनी सांगावे. पाणी टिकवायचेच असेल, तर सिंकखालच्या वाकड्या नळीतले टिकवावे, कारण ते आटले की टाकीतली दुर्गंधी थेट आत येते. त्यावर दोन चमचे तेल ओतले की बाष्पीभवन बरेच मंदावते.

टायरांची गोष्ट थोडी वेगळी आहे. हवेतील ओझोन रबराच्या साखळ्या तोडतो, म्हणून रबरात एक मेण मिसळलेले असते. टायर फिरताना लवतो, त्यामुळे हे मेण पृष्ठभागावर येत राहते आणि थर टिकतो. उभ्या टायरात हे लवणेच बंद होते, आणि म्हणून धावणाऱ्या टायरापेक्षा उभ्या टायराच्या बाजूला आधी चिरा पडतात. उन्हात टायरातील दाब वाढतो म्हणून हवा सोडून ठेवणे ही आणखी एक चूक आहे. २० अंशांवर ८० पीएसआय भरलेला टायर ६० अंशांवर सुमारे ९३ दाखवील, पण ही वाढ टायर बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेली असते. उलट, कमी हवेचा टायर वजनाखाली महिनोन्‌महिने अधिक चेपून राहतो. त्याऐवजी चाकांवर पांढरी आवरणे घालावीत.

स्नेह्यांच्या गाडीवर सर्वांत जास्त चिरा पश्चिमेकडच्या दोन टायरांवर होत्या, म्हणजे जिथे दुपारी तीननंतरचे ऊन थेट पडते तिथे. नक्षी मात्र नव्यासारखी खोल होती, म्हणून ते टायर बदलायला तयार नव्हते. मी त्यांना टायरच्या बाजूवर छापलेला चार आकडी क्रमांक वाचायला सांगितला, ज्यात पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. त्यांनी तो चष्मा लावून वाचला, ‘‘३११५.’’ मग थोडा वेळ ते काही बोलले नाहीत.