दगडापेक्षा चिठ्ठी जड

दगडगोटे जमवणाऱ्या हौशी मंडळाच्या बैठकीत एक टेबल ठरलेलं असतं. त्यावर एक हातभिंग, लोहचुंबक, झिलई नसलेल्या चिनी मातीचा पांढरा तुकडा, पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाची थेंबबाटली आणि धार गेलेला जुना चाकू. नवीन आलेला माणूस खिशातून रुमालाची पुरचुंडी काढतो, हळूच सोडतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "हे सोनं आहे का हो?"

बहुतेक वेळा नसतं. पायराइट असतं, लोखंड आणि गंधक यांचं संयुग. पण मुरलेले सभासद तसं तोंडाने सांगत नाहीत. चिनी मातीचा तुकडा पुढे सरकवतात आणि म्हणतात, "घासून बघा." दगडाचा कोपरा जरा दाबून ओढला की पांढऱ्यावर हिरवट काळी रेघ उमटते. सोन्याची रेघ पिवळीच आली असती. सराफ कसोटीच्या काळ्या दगडावर सोनं घासतो, त्याचाच हा चुलतभाऊ. मराठी खनिजशास्त्रात या रेघेला 'कस' असंच म्हणतात.

कसाला एवढा मान का, हे हेमॅटाइट या लोहखनिजावरून चटकन कळतं. एक तुकडा पोलादासारखा करडा आणि चकचकीत असतो, दुसरा विटेच्या चुऱ्यासारखा तांबडा आणि मळकट. शेजारी ठेवले तर दोघांचं काही नातं असेल असं वाटतही नाही. चिनी मातीच्या तुकड्यावर ओढले की दोन्हींची रेघ तीच, गेरूच्या रंगाची (गेरूला रंग येतो तोही हेमॅटाइटमुळेच). अखंड तुकड्याचं रूप त्याच्या पृष्ठभागावर, कणांच्या आकारावर, तो किती गंजलाय यावर ठरतं. पूड केली की ही सगळी सजावट उतरते. मॅग्नेटाइटही दिसायला काळसर, जड, लोखंडाचंच. पण त्याचा कस काळा आणि चुंबक त्याला लगेच चिकटतं.

रंगाची साक्ष मात्र सगळ्यात शेवटी काढायची. ही सवय अंगी बाणवायला मला तरी दोन वर्षं लागली. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, शुद्ध असेल तर पाण्यासारखी नितळ. तिच्यात लोहाचे मोजके अणू शिरले आणि भोवतालच्या खडकातल्या नैसर्गिक किरणोत्सर्गाचा मारा दीर्घकाळ बसला की ती जांभळी होते, ॲमेथिस्ट. लोहाऐवजी ॲल्युमिनियम असेल तर धुरकट. तीच जांभळी गारगोटी भट्टीत चारशे-पाचशे अंश सेल्सियसपर्यंत तापवली तर बहुधा पिवळी पडते आणि सिट्रिन म्हणून विकली जाते. माणिक आणि नीलम ही तर एकाच खनिजाची, कोरंडमची, दोन नावं: क्रोमियममुळे लाल झालं तर माणिक, लोह आणि टायटॅनियममुळे निळं झालं तर नीलम. उलटी फसगतही होते. ब्रिटिश राजमुकुटात समोरच जडवलेला मोठा लाल खडा 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' म्हणून शतकानुशतकं ओळखला गेला. प्रत्यक्षात तो स्पिनेल आहे. त्यालाही लाली क्रोमियममुळेच येते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

मग कठिनता. फ्रिडरिश मोह्स या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने 1812 मध्ये दहा खनिजांची उतरंड लावली. तळाला शंखजिरं, मग जिप्सम, कॅल्साइट, फ्ल्युओराइट, ॲपेटाइट, ऑर्थोक्लेज, क्वार्ट्झ, पुष्कराज, कोरंडम आणि टोकाला हिरा. वरचं खालच्यावर ओरखडा काढतं, एवढाच नियम. ही फूटपट्टी नव्हे, रांग आहे; नवव्या कोरंडमपेक्षा दहावा हिरा प्रत्यक्षात जवळपास चौपट कठीण भरतो. बैठकीत पूर्ण संच लागतच नाही. नख अडीचच्या आसपास, तांब्याचा तुकडा तीनच्या जरा वर, चाकूचं पातं आणि काच साडेपाचच्या आगेमागे. चाकूने ओरखडली गेली ती कॅल्साइट असू शकते, गारगोटी नक्कीच नाही.

इथे हमखास होणारी एक चूक. चाकू दगडावर ओढला, चकचकीत करडी रेघ दिसली, "ओरखडा आला!" म्हणून वहीत नोंदही झाली. आता बोट ओलं करून रेघेवर फिरवा. रेघ पुसली गेली तर तो ओरखडा नव्हताच. दगडाने चाकूचंच पोलाद खरवडून घेतलं होतं. खरा ओरखडा पुसत नाही आणि नखाला लागतो.

वजनाची परीक्षा मला सगळ्यांत आवडते, कारण तिला तराजू, दोरा आणि पाण्याचं भांडं एवढंच पुरतं. खडा हवेत तोलायचा, मग दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवून तोलायचा. समजा हवेत 53 ग्रॅम भरला आणि पाण्यात 33. घट 20 ग्रॅमची, म्हणजे तेवढ्या आकारमानाच्या पाण्याचं वजन. 53 भागिले 20 म्हणजे 2.65, गारगोटीची घनता. पायराइट 5 च्या आसपास येतं, गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज साडेसातच्या घरात, शुद्ध सोनं 19.3. काही वर्षं दगड हाताळले की तळहातच हे गणित करू लागतो. सभासद दगड उचलतो, जरासा वरखाली झेलतो आणि भुवई उंचावतो. तेव्हा तो नेमकं हेच करत असतो.

आम्लाचा थेंब कॅल्साइटवर टाकला की फसफसतो. त्याचाच भाऊबंद डोलोमाइट मात्र आधी खरवडून पूड केल्याशिवाय नीट दाद देत नाही.

एवढे सोपस्कार कशासाठी, हे 1907 सालच्या एका घटनेवरून समजेल. कॅलिफोर्नियातल्या सॅन बेनिटो परगण्यात सुंदर निळे स्फटिक सापडले. ते नीलम असावेत असा पहिला अंदाज होता. तपासात कठिनता सहा-साडेसहाच्या आसपास निघाली. नीलमची असते नऊ. अधिक अभ्यासात कळलं की हे बेरियम आणि टायटॅनियमचं सिलिकेट आहे आणि तोवर कुठेच नोंदलेलं नाही. त्याचं नाव ठेवलं बेनिटोआइट, आणि 1985 मध्ये ते कॅलिफोर्नियाचं अधिकृत राज्यरत्न झालं.

मंडळाची सहल बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणी वाटेल. माणसं तासन्तास उकिडवी बसून खडी चिवडतात. आधी जागेच्या मालकाची परवानगी, डोक्यावर शिरस्त्राण, डोळ्यांवर चष्मा. हातोडी भूशास्त्राची, खिळे ठोकायची नव्हे. आणि एका हातोडीवर दुसरी हातोडी कधीच मारायची नाही, कारण कठीण पोलादाचे कपचे गोळीसारखे उडतात. स्फटिक सापडला की तो लगेच उपटायचा मोह आवरावा लागतो. भोवतालच्या खडकासकट बाहेर काढलेला स्फटिक अभ्यासाला जास्त बोलका असतो, तो कोणाच्या संगतीत वाढला हे त्यातून कळतं. मग वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि पिशवीत टाकण्याआधी, तिथेच, कागदाच्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि क्रमांक लिहायचा. "घरी गेल्यावर लिहू" म्हणणाऱ्याच्या माळ्यावर अनाथ दगडांच्या पिशव्या साठतात. माझ्याही आहेत.

घासून गुळगुळीत करण्याचं काम मुलांना फार आवडतं. फिरणाऱ्या पिंपात दगड, पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची जाडी भुकटी घालायची, आठवडाभर फिरू द्यायचं, धुवायचं, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी पॉलिश. साधारण महिना जातो. नदी जे युगानुयुगं करते तेच घाईने केलेलं. कठीण दगडांत मऊ दगड मिसळले तर मऊ विरघळल्यासारखे नाहीसे होतात. आणि उरलेला राडा मोरीत ओतायचा नाही. तो नळीत सिमेंटसारखा बसतो.

खड्याला आकार देणाऱ्यांचा गट वेगळाच, जरा अबोल. त्यांच्या करवतीवर सतत पाण्याची धार असते. ती करवत थंड ठेवते, पण त्याहून मोठं काम म्हणजे धूळ उडू न देणं, कारण सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात कायमची रुतून बसते आणि त्यातून सिलिकोसिस होतो. अकीक त्यांचा आवडता. त्याचे पट्टे कमी-अधिक सच्छिद्र असतात, म्हणून तो रंगही पितो. जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइन गावच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात यात नाव कमावलं. अकीक साखरेच्या पाकात मुरवायचा, मग सल्फ्युरिक आम्लात. छिद्रांमधली साखर कोळसा होते आणि पट्टे काळेभोर. बाजारातला बराचसा काळा ऑनिक्स अशाच साखरेने काळा झालेला असतो.

वर्षातून एकदा दिवे घालवून अतिनील दिव्याची बैठक भरते. दिवसा ज्याला कोणी हात लावला नसता असा राखाडी ओबडधोबड दगड मध्ये ठेवतात. 254 नॅनोमीटरचा दिवा लागतो आणि दगडाचा अर्धा भाग हिरवागार, अर्धा निखाऱ्यासारखा लाल पेटतो. न्यू जर्सीतल्या फ्रँकलिनच्या खाणीतला हा नमुना: हिरवा भाग विलेमाइटचा, लाल भाग कॅल्साइटचा. गंमत अशी की दोन्हीकडे दिवाळी साजरी करणारा पाहुणा एकच, मँगॅनीज. अतिनील प्रकाशाने इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि खाली येताना त्या ऊर्जेचा काही भाग दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात सोडतात. ती पायरी किती उंच हे आजूबाजूच्या अणूंच्या रचनेवर ठरतं, म्हणून एका घरात हिरवा उजेड आणि दुसऱ्या घरात लाल. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी 1852 मध्ये या प्रकाराला 'फ्ल्युओरेसन्स' नाव दिलं ते फ्ल्युओराइटवरूनच. एवढ्या आखूड लहरींचा दिवा डोळ्यांना अपाय करतो. चष्मा न लावणाऱ्याला आमच्या त्या खोलीत प्रवेश नाही.

'हे काय आहे?' हा प्रश्न असा कसाने, चाकूने, तराजूने सुटतो, किंवा प्रयोगशाळेतल्या क्ष-किरणांनी. 'हे कुठलं आहे?' याचं उत्तर बहुतेक दगडांमध्ये लिहिलेलं नसतं. कॅव्हनसाइट हे मोरपिशी निळं खनिज पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडलं. पुढे पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींनी त्याचे जगातले सर्वोत्तम नमुने दिले. दोन्हींत कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट तेच. पण कोणता खडक, किती खोल, शेजारी कोणती खनिजं, हे सगळं ठिकाणावरून कळतं, आणि ठिकाण कळतं चिठ्ठीवरून.

चिठ्ठीने काय होऊ शकतं याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात भन्नाट उदाहरण इटलीतल्या फ्लॉरेन्सचं. नेहमीच्या स्फटिकात अणूंची मांडणी फरशीच्या नक्षीसारखी पुन्हा पुन्हा येते, आणि पंचकोनी सममितीची तशी नक्षी जुळत नाही. इस्रायली शास्त्रज्ञ डॅन शेख्टमन यांना 1982 मध्ये प्रयोगशाळेतल्या मिश्रधातूत ही निषिद्ध सममिती दिसली, पुढे 2011 चं रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं. अशा सममितीचे पदार्थ, म्हणजे अर्धस्फटिक, निसर्गात असतील का, हा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञ पॉल स्टाइनहार्ट यांच्या डोक्यात होता. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयातले लुका बिंदी यांनी कपाटं धुंडाळली आणि काही मिलिमीटरचा एक कण काढला. तो 1990 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या एका खासगी संग्राहकाकडून आलेल्या साठ्यातला होता. त्या कणात ॲल्युमिनियम, तांबं आणि लोहाचा नैसर्गिक अर्धस्फटिक निघाला. 2009 मध्ये ते जाहीर झालं.

खनिजाचं नाव त्याच्या चिठ्ठीवर 'खातिर्काइट' होतं आणि ठिकाण रशियाच्या अतिपूर्वेकडचे कोर्याक पर्वत. या एवढ्याशा धाग्यावरून शोध घेत 2011 मध्ये एक मोहीम तिथल्या नाल्यापर्यंत पोचली, चिकणमाती धुतली आणि आणखी कण मिळवले. ते उल्केचे निघाले, सूर्यमालेच्या जन्मकाळातल्या, सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वीच्या. त्या संग्राहकाने कण ठेवला असता आणि चिठ्ठी फेकली असती, तर हा प्रवास सुरूच झाला नसता.

चिठ्ठीचे शत्रूही कमी नाहीत, आणि त्यातला एक खुद्द दगड आहे. जुन्या पोथ्यांत चुकीच्या अक्षरांवर हरताळ, म्हणजे एका पिवळ्या खनिजाची पूड, फासत. संग्रहात ते काम पायराइट करतं. दमट हवेत त्याचे काही नमुने आतून कुजतात, त्यांची राखाडी भुकटी होते आणि सोबत सल्फ्युरिक आम्ल सुटतं. खोकं उघडलं की गंधकाचा उग्र वास येतो, खालचा पुठ्ठा जळालेला असतो आणि चिठ्ठी बोट लावताच चुरते. (हरताळाची जोडीदार मनशीळ हे लाल खनिज; ती उजेडाने पिवळी पडून भुगा होते, पण ती निदान कागद खात नाही.) म्हणून नमुन्याच्या पाठीवर, दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या रंगाचा तांदळाएवढा ठिपका द्यायचा, वाळू द्यायचा, त्यावर काळ्या शाईने क्रमांक लिहायचा आणि तोच क्रमांक वहीत. क्रमांक दगडावर, तपशील वहीत, आणि वहीची एक प्रत दुसऱ्याच्या घरी.

हा शेवटचा नियम आम्ही उशिरा केला. मंडळातले एक जुने सभासद गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी तीन खोकी आणून दिली. प्रत्येक दगडाच्या पाठीवर ठिपका, ठिपक्यात सुबक आकडा. 214, 215 आणि 216 यांना एकच तांबूस माती चिकटलेली होती, तेव्हा ते बहुधा एकाच दिवशी, एकाच जागी उचललेले. वही त्या खोक्यांत नव्हती. घरात शोधली, रद्दीवाल्याकडेही विचारून झालं. खोकी अजून कपाटात आहेत, आणि माती आम्ही धुतलेली नाही.