‘हर घर जल’ प्रमाणित गाव : दाखला, ठराव आणि व्हिडिओ

घरोघरी नळाचे पाणी पोहोचवण्याच्या केंद्राच्या जलजीवन मिशनच्या डॅशबोर्डवर (ऑनलाइन माहितीफलकावर) गावापुढे ‘हर घर जल’ असा शेरा दिसला की काम संपले, असा समज अनेक ग्रामपंचायतींत आढळतो. प्रत्यक्षात तेथे दोन टप्पे आहेत. ‘रिपोर्टेड’ हा शेरा पाणीपुरवठा विभागाच्या माहितीवरून लागतो, तर ‘सर्टिफाइड’ हा शेरा ग्रामसभेने ठराव केल्यावरच लागतो.

प्रत्येक कुटुंबाकडे चालू नळजोडणी, शाळा-अंगणवाडीत नळाचे पाणी आणि माणशी रोज किमान ५५ लिटर पिण्यायोग्य पाणी, ही पात्रता आहे. कागदपत्रे तीनच लागतात : विभागाचा काम पूर्ण झाल्याचा दाखला, ग्रामसभेचा ठराव आणि त्या सभेचा छोटा व्हिडिओ.

अडते ते क्रमावर. दाखला ग्रामसभेत वाचून दाखवायचा आणि मगच ठराव घ्यायचा असतो. परंतु १५ ऑगस्टची सभा हातची जाऊ नये म्हणून ठराव आधी लिहिला जातो आणि दाखला मागाहून येतो. अशा ठरावाला अर्थ उरत नाही. १५ ऑगस्ट ही या कामाची शेवटची तारीख नाही, विशेष ग्रामसभाही बोलावता येते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. व्हिडिओत दाखल्याचे वाचन स्पष्ट ऐकू यावे, एवढी काळजी घ्यावी. नुसत्या हारतुऱ्यांच्या चित्रीकरणातून काहीच सिद्ध होत नाही.

ठरावापूर्वी डॅशबोर्डवरील कुटुंबसंख्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीशी (नमुना ८) ताडून पाहावी. वाड्या-पाड्यांवरची घरे किंवा नव्याने विभक्त झालेली कुटुंबे डॅशबोर्डवर नसतील, तर कागदावर शंभर टक्के भरतात आणि टेकडीवरच्या बाया हंडे घेऊन विहिरीवरच जातात. नळ बसला पण पाणी चढत नाही, असे घरही जोडलेले धरू नये. वरून कितीही घाई झाली तरी अशा स्थितीत ठराव करू नये, ही कळकळीची विनंती आहे. मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झालेली आहे. घाईची गरज उद्दिष्ट भरणाऱ्यांना असते, गावाला नसते. दाखला चुकीचा वाटल्यास कोणती घरे राहिली ते नावानिशी इतिवृत्तात नोंदवून प्रत विभागाला द्यावी आणि पोच घ्यावी.

कागदपत्रे अपलोड झाल्यावर गावाचे पान स्वतः उघडून ठराव आपल्याच गावाचा आहे ना, हे तपासावे. एका ग्रामपंचायतीत अनेक महसुली गावे असतील, तर नोंद प्रत्येक गावाची स्वतंत्र दिसते.